धक्क्यावरचा कचरा कुणाचा?

तासगावहून निघताना बायकोने एकच गोष्ट बजावली होती. व्याह्यांच्या घरी मतं मांडू नका. माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. कंडक्टर मत मांडल्याशिवाय राहतो असं ज्याला वाटतं, त्याने कधी सुट्या पैशांवरून वाद घातलेला नाही. तरी मी मान डोलावली आणि कोल्हापूरची गाडी धरली.

जायचं कारण हौसेचं नव्हतं. माझी धाकटी मुलगी शुभांगी रत्नागिरीत मांडवीला मच्छीमाराच्या घरी दिली आहे. लग्न पुण्यात झालं, त्यामुळे तिचं सासर मी पाहिलेलं नव्हतं. तिचा फोन आला, "आप्पा, एकदा येऊन जा. निलेश होडी सोडतो म्हणतोय. मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरी बघून आलाय. तो गेला की बाबा एकटे समुद्रावर जाऊ शकत नाहीत, म्हणजे होडी विकायची वेळ येणार. आणि बापलेक एकाच होडीत बसून एकमेकांशी बोलत नाहीत."

"कशावरून बिनसलं?"

"प्लास्टिकवरून."

बापलेक जमिनीवरून भांडतात, घरावरून भांडतात. प्लास्टिकवरून अबोला धरलेला मी तरी ऐकला नव्हता. ती म्हणाली, इथे आलात की कळेल.

कोल्हापूर सोडलं, मलकापूर गेलं आणि आंबा घाटाच्या तोंडाशी गाडी चहाला थांबली. थंडी होती, दरीत धुकं साचलेलं. हॉटेलच्या दारात प्लास्टिकबंदीचा मोठा फलक होता आणि तो फलकच प्लास्टिकचा होता. त्याच्याखाली चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबत होत्या. एक माकडीण पोराला पोटाशी धरून असलंच एक रिकामं पाकीट चाटत बसली होती. चाटून झाल्यावर तिने ते दरीत भिरकावलं. माझ्या शेजारच्या प्रवाशाने लगेच आपलंही भिरकावलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तर तो म्हणाला, "काय झालं?" नोकरीत असतो तर सांगितलं असतं.

घाट उतरल्यावर माती लाल झाली. कंपाउंडं, विहिरी, घरांच्या भिंती, सगळं जांभ्याचं (इथला लाल सच्छिद्र दगड). हवा अंगाला चिकटायला लागली. शुभांगी स्टँडवर आली होती. रिक्षातून मांडवीला पोचलो आणि घराआधी तिने मला समुद्र दाखवला. इतका मोठा समुद्र आणि इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. मांडवीची वाळू काळी आहे. त्या काळ्या वाळूवर, भरतीचं पाणी जिथवर येऊन गेलं होतं तिथे, एक लांबलचक रंगीत पट्टा पडला होता. लाल, पिवळा, निळा, पांढरा. मी म्हटलं, "कसला उत्सव झाला गं? केवढी फुलं वाहिलीत." जवळ गेलो आणि माझे पायच थबकले. एकही फूल नव्हतं. पिशव्या, झाकणं, गुटख्याच्या पुड्या, चमचे, शाम्पूच्या पुड्या, नळ्या. आयुष्यभर ज्या समुद्राचं वर्णन ऐकलं, तो हा अशा कपड्यांत भेटला म्हणून मला फार वाईट वाटलं.

व्याही दत्ताराम तांडेल (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) पडवीत जाळं सांधत बसले होते. माणूस काळा, काटक, हाताच्या शिरा वर आलेल्या. उठून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"या, व्याहीबुवा. घाट लागला काय?"

"घाट नाही लागला. तुमची हवा लागली."

"ती लागायचीच. आता जेवान लागूंदे."

विहीणबाईंनी बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेला दाटसर रस्सा) आणि तांदळाची भाकरी वाढली. आम्ही मटण खाणारी माणसं, काट्यांशी आमची ओळख नाही. एक काटा घशात अडकलाच. विहीणबाईंनी भाताचा मुटका गिळायला लावला आणि हसू दाबत म्हणाल्या, "घाई नका करू. मासा मेलेला हाय, पळणार न्हाय." जावई निलेश माझ्याशी मोकळेपणाने बोलला. व्याहीही बोलले. पण एकमेकांकडे मीठ मागायचं झालं तरी दोघं शुभांगीचं नाव घेत होते.

संध्याकाळी विहीणबाई धक्क्याजवळ मासे विकायला बसल्या. मीही शेजारी दगडावर बसलो. जुनी गिऱ्हाइकं डबे घेऊन येत होती. मग एकजण स्कूटरवरून आला, भाव ठरला, मासे निवडून झाले आणि त्याने हात पुढे केला, "पिशवी?"

"पिशवी न्हाय. सरकारनं बंद केलान."

तो पुढच्या बाईकडे वळायला लागला. तेव्हा विहीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं, टोपलीच्या तळाशी बर्फाखाली हात घातला आणि एक पातळ पिशवी काढून झटक्यात मासे आत सोडले. दारूबंदीच्या गावात बाटली हातावर ठेवावी तसं काम. मी थक्क होऊन बघत होतो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो मासे हातात धरून घरी जाईल काय? पिशवी त्याला होवी, आनि पथक आलं की पकडनार मला. न्हाय दिली तर तो शेजारणीकडं जातो. तुमी काय केलं असतंत?" मला मत मांडायची मनाई होती, आणि खरं तर मांडायला मतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे व्याह्यांनी मला होडीवर नेलं. शुभांगीनेच गळ घातली होती. तिला वाटत होतं, तिसरा माणूस मध्ये बसला तर दोघं बोलतील. पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) पाठीमागून होता. निलेश सुकाणूवर, व्याही पुढे नाळेवर आणि मी मध्ये, दोन्ही हातांनी फळी धरून. किनारा बारीक झाला तेव्हा माझं पोटही तिखल्यासकट वर आलं. व्याह्यांनी पाठ चोळली आणि तोंड धुवायला पाणी दिलं. "पयल्या दिवशी सगळ्यांचं व्हतं," ते म्हणाले. फुशारकी मारायची माझी सोय तिथेच संपली.

उजाडल्यावर रात्री लावलेलं जाळं ओढायला सुरुवात झाली. बापलेकांचे हात एका लयीत चालत होते, तोंडं मात्र बंद. चांदीसारखे बांगडे फडफडत वर येऊ लागले. मग कमी आले. मग जे वर आलं ते बघून मी फळी सोडून उभाच राहिलो. बाटल्या, सलाईनची पिशवी, खतांच्या गोण्यांचे तुकडे, खाऊची पाकिटं, लहान मुलाची चप्पल. जाळ्याच्या एकेका घराला पिशव्यांच्या चिंध्या गुंतलेल्या. एक मासा सोडवायचा तर पिशव्यांतून वाट काढावी लागत होती.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. व्याह्यांनी जाळ्यातली एक पिशवी सोडवली, ती कपाळाला लावली आणि अलगद पाण्यात सोडली. दुसरी घेतली, कपाळाला लावली, सोडली. बाटली घेतली, तसंच. देवाचा प्रसाद सांडू नये म्हणून जपावं, इतक्या जपणुकीने हा माणूस कचरा परत समुद्रात टाकत होता. मला आधी वाटलं, थट्टा चालली आहे.

"व्याहीबुवा, हे काय करताय?"

"दर्याचं (समुद्राचं) दर्याला देतो."

"अहो, पण हे प्लास्टिक आहे."

"माशाबिगर जाळ्यात जे काय येतं, ते दर्याचं. ते घराकडं न्यायचं न्हाय. आमचा आजा, बापूस, कोनीच नेलं न्हाय. लाकूड आलं तरी न्हाय." ते थांबले आणि हातातल्या बाटलीकडे बघत म्हणाले, "फळी वर येते, ती कुठल्या तरी होडीची असते. त्या होडीवर कोनतरी असतो. त्याची वस्तू आपन चुलीत कशी घालायची? मूर्ती येते, ती कोनीतरी बोळवलेली असते. तिला परत कशी आनायची? म्हनून पाया पडून सोडायची."

रीत ऐकून मला भरून आलं. बुडालेल्या माणसाच्या फळीचा इतका मान ठेवणारी माणसं मी कुठे पाहिली नव्हती. पण त्याच मानाने ते खाऊचं पाकीट सोडत होते, हे बघून डोकं सुन्न झालं.

तेवढ्यात जाळ्यातून एक पिवळी पिशवी वर आली. व्याह्यांनी ती पसरून बघितली आणि प्रथमच हसले. "व्याहीबुवा, तुमच्या गावचं पावनं आलंय."

पिशवीवर तासगावच्या एका कापडदुकानाचं नाव होतं. अक्षरं फिकी झाली होती, पण मला ओळखायला वेळ लागला नाही. दर दिवाळीला आम्ही तिथेच जातो. आमच्याकडचं पाणी येरळेतून कृष्णेला मिळतं आणि कृष्णा पूर्वेला जाते, थेट पलीकडच्या समुद्राला. म्हणजे ही पिशवी वाहत आलेली नव्हती. आमच्यातल्याच कुणीतरी ती घाट उतरवून आणली होती, आंबे खाऊन, समुद्रात डुंबून, इथे सोडून गेला होता. व्याही ती कपाळाला लावायला निघाले. मी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"हिला नमस्कार करू नका. हिच्यात पाया पडण्यासारखं काही नाही. हा कचरा आहे आणि तुम्ही तो स्वतःच्या ताटात परत वाढताय."

बायकोचा शब्द मोडला तो असा. व्याह्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"ताटात वाढतो, व्हय. एकदा ताटातून बाहेर काढला व्हता. विचारा तुमच्या जावयाला काय झालं ते."

निलेशने बापाकडे न बघता मला सांगितलं. मागच्या हंगामात त्याने ठरवलं, जाळ्यात आलेलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणायचं. गोणीत भरून धक्क्यावर ठेवलं. घंटागाडीवाला म्हणाला, घरचा कचरा नेतो, समुद्राचा नाही. तेवढ्यात बंदीची तपासणी करणारं पथक आलं. गोण्या बघून साहेबांनी विचारलं, कचरा कुणाचा? बाबा म्हणाले, आमचा नाही. पण गोण्यांच्या शेजारी होडी यांची. सगळ्या बाजारासमोर दत्ताराम तांडेलांना धक्का घाण करणारा म्हणून झापलं आणि दंड केला. ज्या माणसाला धक्क्यावर लहानथोर उठून वाट देतात, त्याला.

"बाबा म्हणाले, माझ्या होडीतून पुन्हा हे येणार नाही," निलेश म्हणाला. "आप्पा, मासा कमी झाला तर मी दिवस काढीन. पण हे रोज स्वतःच्या हाताने परत टाकायचं मला जमत नाही. सोमवारपासून मी मिरजोळ्याला जातोय."

"जाऊंदे," व्याही समुद्राला म्हणाले.

जाळं आत घेतलं आणि होडी परत फिरवली. मी ती पिवळी पिशवी मुठीत धरून बसलो होतो आणि मलाच माझी लाज वाटत होती, पिशवीची आणि बोलण्याचीही.

खाडीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला, होडी एकदा थरथरली आणि इंजिन बंद पडलं. निलेशने पुन्हा सुरू करून पाहिलं. नुसतं गुरगुरलं. "पंखा बांधला," तो म्हणाला. म्हणजे पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. वारा एव्हाना फिरला होता आणि होडी हळूहळू खडपाकडे (किनाऱ्यालगतच्या खडकांच्या रांगेकडे) सरकत होती. खडकांवर पाणी फुटून पांढरं होत होतं. नांगर टाकला, तो धरेना.

निलेशने शर्ट काढला, कमरेला दोर बांधला, कोयती घेतली आणि कुणाला काही न विचारता उडी मारली. दोराचं टोक व्याह्यांच्या हातात. होडी वरखाली आदळत होती आणि तिच्या बुडाखाली माझ्या मुलीचा नवरा होता. तो एकदा वर आला, श्वास घेतला, खाली गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग बराच वेळ आला नाही. व्याह्यांच्या ओठांचा रंग गेला. "निलू," ते म्हणाले. मग मोठ्याने, "निलू रे." त्यांनी दोर खेचायला घेतला आणि मीही धावून दोर धरला. आम्ही दोघं म्हातारे खेचत होतो आणि दोर जड होता.

निलेश वर आला तेव्हा त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं आणि काखेत माणसाच्या धडाएवढा एक गोळा होता. तो त्याने होडीत फेकला, फळीला लोंबकळला आणि आम्ही त्याला आत घेतलं. व्याह्यांनी इंजिन सुरू केलं, होडी खडपापासून बाजूला काढली, मगच मुलाकडे वळले. डोक्यावरचा फडका सोडून त्याच्या खांद्याला बांधला.

मग ते त्या गोळ्यापाशी बसले. गोण्यांचे धागे, दोऱ्या, पिशव्यांचे थरावर थर, सगळं पिळून एकजीव झालेलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. मी निलेशकडे बघितलं, निलेश बापाकडे बघत होता. व्याही तो गोळा तसाच धरून राहिले, कपाळापर्यंत नेलाच नाही.

"हे दर्याचं न्हाय," ते म्हणाले.

गोळा त्यांनी आपल्या बसायच्या फळीखाली सारला. थोडं पुढे गेल्यावर पाण्यावर पिशव्यांचा तवंग दिसला. "निलू, वेग कमी कर," ते म्हणाले. मग स्वतः ओणवे होऊन टोपलीने एकेक पिशवी उचलायला लागले. मुलाशी कित्येक दिवसांत त्यांनी थेट बोललेलं पहिलं वाक्य एवढंच होतं. मला रडू आलं, ते मी खाऱ्या पाण्यावर ढकललं.

धक्क्याला लागलो तेव्हा बाजार भरला होता. शुभांगीने निलेशचा खांदा पाहिला आणि तिथेच ती जखम धुवायला बसली. व्याह्यांनी मासे आधी उतरवले नाहीत. आधी तो गोळा उतरवला, मग टोपलीतल्या पिशव्या, आणि सगळं धक्क्याच्या मधोमध ठेवून शेजारी मांडी घालून बसले. विहीणबाई धावत आल्या. "अवो, पथक बाजारात फिरतंय. उचला ते."

"येऊंदे."

पथक आलं. पुढचा माणूस तरुण होता, भला वाटत होता. ढीग बघून त्याने आवाज चढवला, "हा कचरा कुणाचा?"

दत्ताराम तांडेल उठून उभे राहिले.

"माझा."

तो तरुण गडबडला. त्याने बहुधा हा प्रश्न शेकडो वेळा विचारला असेल, पण हे उत्तर त्याला नवीन होतं. "काका, तुम्ही मागच्या वेळी तर म्हणालात, आमचा नाही."

"मागच्या खेपेला न्हाय म्हटलं, तरी दंड केलात. आज व्हय म्हनतो. दंड भरीन. पन मंग हा घेऊन जा."

"कुठे?"

"ते तुमी सांगायचं. कायदा तुमचा हाय."

त्या तरुणाने फोन लावला. मग दुसरा लावला. दुकानदाराकडे पिशवी सापडली तर काय करायचं, गिऱ्हाइकाकडे सापडली तर काय, हे त्याला पाठ होतं. समुद्रातून आणली तर काय, हे पलीकडच्या कुणालाच सांगता येईना. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगतो, माझ्याकडे हे घ्यायची सोयच नाही." दंड न करता तो निघून गेला. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. मी धक्क्यावर उभा होतो आणि मला विश्वास बसत नव्हता. इतके फलक, इतकी पथकं, आणि माणूस कचरा आपला म्हणून हातात देतोय, तर तो ठेवायला एक कोपरा कुणी नेमलेला नाही.

व्याह्यांनी ढीग गोणीत भरला आणि खांद्यावर टाकून घरी नेला. ज्या रीतीने त्यांच्या घरात समुद्रातलं लाकूडसुद्धा कधी येऊ दिलं नव्हतं, ती त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात गोणी ठेवून मोडली. संध्याकाळी निलेश मिरजोळ्याला गेला, नोकरीला येत नाही असं कळवायला. त्याच फेरीत तिथल्या भंगारवाल्यांनाही विचारून आला. ते म्हणाले, मीठ आणि वाळू लागलेलं प्लास्टिक आम्हाला नको.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. घाट चढताना वळणावळणावर दरीत उतरलेली पाकिटं दिसत होती. येताना मी ती पाहिली होती, पण मोजण्याच्या पलीकडचं काही एका माणसाने आपलं म्हणावं, हे तेव्हा पाहिलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर समुद्राकडून माशांखेरीज काही घेतलं नाही, त्यालाच तुमचं-माझं हे सगळं स्वतःच्या नावावर घ्यावं लागलं. याचा धक्का मला अजून पचलेला नाही. मलकापूरला चहावाल्याने प्लास्टिकच्या पेल्यात चहा दिला, तो मी घेतला नाही. त्याने दुसऱ्याला दिला.

काल शुभांगीचा फोन आला. निलेशच्या खांद्याची जखम भरली, तो रोज होडीवर जातो, बापलेक बोलतात, भांडतातही. शेजारच्या होड्यांनीही गोण्या आणून द्यायला सुरुवात केली आहे. अंगण भरलं, आता गोण्या पडवीत आल्या आहेत आणि व्याही जाळं सांधायला रस्त्यावर बसतात. मी विचारलं, "पडवी भरली की मग काय करणार?"

"मीही तेच विचारलं, आप्पा," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, इतकी वर्षं दर्या भरत होता, तेव्हा हे कुणी विचारलं नाही."